कॅलेंडरातले कोरे दिवस

आमच्या दवाखान्यात टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात देव होते. लक्ष्म्या, गणपती, बाळकृष्ण, दोनचार शंकर. सगळे कॅलेंडरांवरून कात्रीने कापून काढलेले. दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांचं काय करायचं हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडला. डॉक्टर ठोंबरेबाई देव मानत नव्हत्या. आमच्या घरानं छप्पन्न सालच्या दसऱ्याला दीक्षा घेतलेली, त्यामुळे मीही त्या खात्यातली नव्हे. तरी कचऱ्यात टाकवेनात. शेवटी शेजारच्या पोळ्या करणाऱ्या बाईंकडे गठ्ठा नेऊन दिला. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "एवढे देव कुठून आणले वं सिस्टर?" मी म्हटलं, बायांच्या पोटदुखीतून. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

डॉ. निर्मला ठोंबरे यांचा धंतोलीत दोन खोल्यांचा बायकांचा दवाखाना होता. नर्सिंग संपवून मी तिथे लागले ती सत्तर साल उजाडायच्या थोडी आधी, आणि पुढे पंधरा वर्षं हलले नाही. त्या मला नुसतं 'मेश्राम' म्हणत, मी त्यांना 'बाई'. उंच, हाडापेरानं दणकट, रंगानं काळ्यासावळ्या, अंगावर बारीक काठाची पांढरी सुती साडी. लग्न केलं नव्हतं. सतराव्या वर्षापासून हॉस्टेलात आणि नंतर एकट्या राहिलेल्या. खुर्चीत बसल्या की पहिलं काम म्हणजे टेबलाखाली चपला काढून दोन्ही पाय गार फरशीवर टेकवणं. मे महिन्यात मानेवर ओला नॅपकिन असे आणि तो वाळला की मी बदलायचा. दुपारी दोनपर्यंत चाळीसएक बाया होऊन जात. मी एखादवेळी विचारायची, "दमलात का बाई?" आपण नाही बुवा दमत, असा आव त्यांनी कधी आणला नाही. म्हणायच्या, "दमले आहे. पुढची पाठव."

हे चार शब्द मी इतक्या वेळा ऐकले, की अजून कुठे रांग दिसली तरी कानात वाजतात.

तोंडानं बाई फटकळ होत्या. एरवी पुस्तकी मराठी बोलत, पण चिडल्या की थेट त्यांच्या यवतमाळच्या बोलीत जाऊन पोचत. एक शाळामास्तर बायकोला घेऊन आले. बाईंनी तिला काही विचारलं की उत्तर मास्तर देत. कुठे दुखतं, किती दिवसांपासून, सगळं त्यांनाच माहीत. तीन उत्तरं बाईंनी ऐकून घेतली. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पोट तुमचं दुखून राहिलं काय मास्तर? मंग झोपा टेबलावर, तुम्हालेच तपासतो." मास्तर बाहेर गेले. त्यानंतर नवऱ्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं असा दवाखान्याचा कायदा झाला. सासवांना मात्र बाई आत येऊ देत. पुढे हा कायदा अर्धवटच होता असं त्यांना वाटलं, ते येईलच.

दुसरा राग होता लग्नावर. कॉलेजातल्या पोरी यायच्या, दर महिन्याला दोन दिवस गादीत तोंड खुपसून पडणाऱ्या. चार ठिकाणी फिरून आलेल्या असत आणि चारही ठिकाणी एकच औषध मिळालेलं: लग्न होऊ द्या, एक मूल झालं की आपोआप बरं वाटेल. बाई त्या मुलीच्या आईला म्हणत, "लग्न म्हणजे काय अ‍ॅस्पिरीन आहे? पाण्यासोबत घ्यायचं?" आई गोंधळून जाई. पोरगी मात्र दुखण्यातसुद्धा हसे.

त्यातल्या काही जणींना जो आजार असे त्याचं नाव एन्डोमेट्रिऑसिस. तेव्हा हे नाव बऱ्याच डॉक्टरांच्याही जिभेवर बसलेलं नव्हतं, मग पेशंटची काय कथा. बाई नाव सांगतच नसत. त्या सांगत, "पोटात पिशवी असते. तिचं आतलं अस्तर दर महिन्याला भरतं आणि गळून जातं, तीच पाळी. कुणाकुणाच्या पोटात तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर रुजतं, गाजरगवतासारखं, कुणी न पेरता. तेही दर महिन्याला रक्त सोडतं. पण त्या रक्ताला बाहेर जायला वाट नाही. ते तिथंच साचतं, सुजतं आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटवून टाकतं." ते गवत तेव्हा नव्यानंच रेल्वेलाईनच्या कडेनं पसरायला लागलं होतं, त्यामुळे बायांना लगेच पटे.

पण पटलं म्हणजे सापडलं असं नाही. हा आजार वरून दिसत नाही, एक्स-रेत येत नाही. पोट उघडून बघितल्याशिवाय खात्री नाही, आणि उगाच कुणाचं पोट उघडायला बाई तयार नसत. त्यांच्याकडे एकच खूण होती: दुखणं पाळीच्या तालावर येतं का? तोंडी विचारून ते कळत नसे. बायांना दुखण्याबद्दल बोलायची सवय नव्हती. "होते थोडंसं, सगळ्याईलेच होते," एवढं बोलून तोंडाला कुलूप.

म्हणून बाईंनी कॅलेंडराची युक्ती काढली. औषध कंपन्यांचे एजंट डिसेंबरात कॅलेंडरांचे गठ्ठे आणून देत. वर मोठा रंगीत देव, खाली महिन्यामहिन्याची पानं. बाई ते पेशंटला देत. लिहिता येत नसलं तरी चालेल, चुलीतला कोळशाचा तुकडा घ्यायचा. दुखलं पण काम केलं, तर त्या तारखेला एक रेघ. काम सोडावं लागलं तर दोन. उठवलंच नाही तर फुली. महिना संपला की पान फाडून आणायचं. त्या पानांवर बाईंचा भारी जीव होता. "माणूस लाजतं, कागद लाजत नाही," असं त्या म्हणत. शहरातल्या बायांच्या पानांवरून त्यांनी कितीतरी जणींचा आजार अचूक पकडला, तेव्हा त्यांचा भरवसा चुकीचा होता असंही नाही.

शेवंता आली ती उमरेडहून, सासूबरोबर, एसटीनं. बाविसाच्या आसपासची. नवरा श्रावण हातमागावर लुगडी विणायचा, ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दर महिन्याला बाहेर बसायचे पाच दिवस, पण ही आठ दिवस पडून राहते, कांड्यांवाचून माग रिकामा राहतो, अशी सासूची तक्रार. सासूचं नाव भागाबाई. काटक बाई, कपाळावर मोठं गोंदण. "कामचुकार हाय, का खरंच काही हाय, तेवढं सांगा बाई," ती म्हणाली. "खरंच काही असन तं इलाज करू. नसन तं मंग श्रावणचं दुसरं पाहावं लागन." ती हे सुनेसमोरच बोलली, आणि दुष्टपणानं बोलली असंही मला वाटलं नाही. बाजारचं काम सांगावं तसं सांगितलं.

बाईंनी शेवंताला कॅलेंडर दिलं. लक्ष्मीचं होतं.

तीन महिने तिची पानं येत राहिली. पाळीच्या आधी दोन दिवस एकेक रेघ, कधी दोन. मग पाळीचे पाच दिवस कोरे. मग पुन्हा एखादी रेघ. बाई चष्मा कपाळावर चढवून पानाकडे बघत राहायच्या. ऐन पाळीत दुखत नाही, पुढेमागे दुखतं. म्हणजे हा तो आजार नव्हे. आतड्याचं काहीतरी असेल, आव असेल. "पाळीत दुखतं का गं?" त्यांनी विचारलंही होतं. भागाबाई शेजारीच बसलेली. शेवंता म्हणाली, "सगळ्याईले दुखते तेवढंच." बाईंनी आवेच्या गोळ्या दिल्या आणि भागाबाईला सांगितलं, "पोटात तसं काही वाईट नाही."

तसं काही नाही. उमरेडला पोचेपर्यंत त्याचं 'काहीच नाही' झालं.

पुढच्या जानेवारीत, एका सकाळी मी स्टुलावर चढून दवाखान्यातलं जुनं कॅलेंडर काढत होते, तेव्हा श्रावण तिला घेऊन आला. आईला न विचारता आणलं होतं. तो बाहेरच्या बाकावर बसला. शेवंता आत आली, चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नाही, दोन्ही हात पोटावर. मी सहज म्हटलं, "जरा हे नवं धर गं वरचं टोक." तिनं हात मागे ओढले.

"मी नाई लावत सिस्टर. मी आज बाहेर हाय. लक्ष्मी हाय त्याच्यावर."

"बरं राहू दे," मी म्हटलं. आणि खिळ्यावर दोरा अडकवता अडकवता, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग घरचं कसं करतेस?"

"घरचं तं देवाच्या खोलीत टांगलं हाय. पाच दिस त्या खोलीत पाय बी नाई टाकत मी."

माझ्या मागे बाईंचं पेन थांबलं. "मग त्या पाच दिवसांच्या रेघा?"

"नाई मारल्या."

"नंतर मारायच्या ना."

"तुम्ही म्हणल्या होत्या ज्या दिशी दुखन त्याच दिशी मारजो. मागून मारलं तं खोटं होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, "मारल्या असत्या तर किती मारल्या असत्या?"

शेवंतानं भिंतीवरच्या नव्याकोऱ्या कॅलेंडराकडे बघितलं. "कोळसा नसता पुरला बाई," ती म्हणाली.

मला तेव्हा फार लाज वाटली, अजून वाटते. आमच्या घरी आईनं दीक्षेनंतर बाहेर बसणं सोडून दिलं होतं. आमचं कॅलेंडर चुलीशेजारी असायचं आणि दुधाचा हिशोब आई महिन्याच्या तिसाही दिवशी लिहायची. बाई तर सतराव्या वर्षापासून घराबाहेर, तेव्हापासून त्यांना बाहेर बसवणारं कुणी नव्हतंच. आम्ही दोघी त्यातून सुटलेल्या, म्हणून दोघींनाही हे सुचलं नाही. एखादी साधी शिकलेली, घरात सोवळं पाळणारी नर्स माझ्या जागी असती तर पहिल्याच पानाला म्हणाली असती, अहो बाई, हे कोरे दिवस म्हणजे ती बाहेर बसलीय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खरंच आहे.

त्या दिवशी बाईंनी नीट तपासलं. डाव्या बाजूला गाठ हाताला लागली, वर्षभरापूर्वी नव्हती. ऑपरेशन हवं होतं. पण श्रावण मान खाली घालून म्हणाला, "माय नाई मानन. तिले वाटते, डाक्टरीणच म्हणली काही नाई."

रविवारी बाई मला घेऊन एसटीनं उमरेडला गेल्या. असं डॉक्टरांनी पेशंटच्या घरी जाणं मी तोवर पाहिलं नव्हतं. मागाच्या खोलीत श्रावण विणत होता. शेवंता पलीकडच्या पडवीत पडून होती. भागाबाईनं सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि समोर बसली.

"तुम्हीच म्हणल्या नं बाई, काही नाई म्हणून? म्या आपल्या कानानं ऐकलं."

"म्हटलं होतं. चुकलं माझं."

भागाबाईनं मान वर केली. "डाक्टर चुकते काय?"

"मी चुकले. तुमची सून खोटं बोलत नव्हती. तिला ज्या दिवशी सगळ्यात जास्त दुखायचं त्याच दिवशी तिला कागदाला हात लावता येत नव्हता. हे मला कळायला पाहिजे होतं. मीही बाईच आहे."

मागाचा खटखट आवाज थांबला होता. भागाबाई बोटानं सतरंजीचा धागा ओढत राहिली. मग म्हणाली, "मले बी कळाले पाह्यजे होतं. मी तं घरातच होती." आणि पुढे, "आपरेशन केलं तं लेकरू होईन?"

"सांगता येत नाही. खोटी आशा नाही लावणार. दुखणं मात्र कमी होईल."

"निस्तं दुखणं कमी व्हासाठी पोट फाडाचं?"

बाईंची पुस्तकी मराठी तिथे संपली. "हो वं माय," त्या म्हणाल्या, "निस्तं दुखणं कमी व्हासाठी."

मागाआडून श्रावणचा आवाज आला, "करा बाई तुम्ही. काहून थांबता?" आईसमोर तो पहिल्यांदाच काही बोलला असावा, कारण भागाबाई वळून त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठून तिनं चहा टाकला.

परतीच्या बसमध्ये बाईंनी सीटखाली चपला काढल्या आणि पाय पत्र्यावर ठेवले. बुटीबोरीकडचे संत्र्याचे ट्रक मध्ये आले म्हणून बस बराच वेळ खोळंबली होती. "मेश्राम," त्या म्हणाल्या, "किती जणींना मी असं परत पाठवलं असेल?" दुसऱ्या दिवशी दुपारी कपाटातली जुनी पानं काढून आम्ही फरशीवर पसरली. आता डोळ्यांना फक्त कोरे चौकोन दिसत होते. सात जणी निघाल्या. सातही जणींना बाईंनी स्वतःच्या अक्षरात पोस्टकार्डं लिहिली. चौघी आल्या. दोन कार्डं परत आली. सातवीच्या भावानं उत्तर पाठवलं, की तिची पिशवी दुसरीकडे काढून टाकली, आता आराम आहे. वय सव्वीस होतं तिचं. बाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं, टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "दमले आहे. पुढची पाठव."

तेव्हापासून सासवाही बाहेरच्या बाकावर गेल्या, आणि देव कापायला सुरुवात झाली. कॅलेंडर आलं की कात्री. वरचा देव खणात, खालची पानं पेशंटला, आणि सोबत सूचना: हे अंथरुणाखाली ठेवायचं, भिंतीवर टांगायचं नाही.

शेवंताचं पोट उघडलं तेव्हा मी हाताशी होते. डाव्या अंडाशयात काकवीसारखं काळं, जुनं रक्त साचलेलं. ते अंडाशय काढावं लागलं. उजवं आतड्याला चिकटलेलं होतं ते बाईंनी दोन तास खपून मोकळं केलं. वर्षभर आधी उघडलं असतं तर कदाचित दोन्ही राहिली असती. बाईंनी हे भागाबाईला सांगितलं, मी सांगू नका म्हणत असताना सांगितलं.

मग नऊ महिने गोळ्या, पाळी बंद ठेवण्यासाठी. त्या पाळणा लांबवायच्याच गोळ्या, जास्त प्रमाणात. भागाबाई पाकीट घेऊन तणतणत आली. "लेकरू नाई म्हणून आम्ही रडून राहिलो, आन् तुम्ही लेकरू न होऊ द्याची गोयी देता? गावात तं म्हणून राहिले, शेवंताले दिवस गेले!" बाईंनी तिला पुन्हा गाजरगवत समजावलं. पाणीच दिलं नाही तर गवत वाळेल, एवढ्यावर तिचं समाधान झालं.

मूल झालं नाही. हे इथंच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा शेवटापर्यंत पाळण्याची वाट बघेल. श्रावणनं दुसरी बायकोही केली नाही.

गोळ्या संपल्यावर शेवंता पहिलं पान घेऊन आली. पान बघून बाई खुर्चीत ताठ झाल्या. पाचही दिवस भरलेले होते. जाड, वेड्यावाकड्या रेघा. एक, दोन, एक, एक, एक. फुली एकही नव्हती.

"हे अक्षर तुझं नाही," बाई म्हणाल्या. "तू अंथरुणाखाली ठेवतेस ना?"

"नाई. आत्याबाईनं ठेवू नाई देलं, तिथीवार असते म्हणे त्याच्यावर. देवाच्या खोलीतच हाय. त्याच मारते रेघा." शेवंता थोडी लाजली. "सकाळी पडवीच्या दाराशी येऊन उभ्या राह्यते आन् इचारते, आज किती वं? मी दुरूनच बोट दाखवते. एक बोट, नाई तं दोन. फुली असन तं मूठ."

विटाळ त्या घरातून गेला नव्हता. भागाबाई उंबऱ्याच्या आत आली नव्हती. पण रोज सकाळी येऊन विचारत होती. बाईंनी ते पान मला फाईलला लावू दिलं नाही, पर्समध्ये ठेवलं.

पुढे दुर्बीण आली. बेंबीजवळ लहानसं छिद्र पाडून आत बघता यायला लागलं. नवे डॉक्टर आले, महागडी औषधं आली. बाईंनी कॅलेंडरं सोडली नाहीत. मग त्यांचीच कंबर दुखायला लागली. आधी वय झालं म्हणाल्या, मग तपासण्या झाल्या. कॅन्सर हाडापर्यंत पोचला होता. दवाखाना बंद झाला. त्यांच्या भाचीनं त्यांना मनीषनगरला नेलं. तेव्हा तिकडे रेल्वेचं फाटक ओलांडलं की नुसते आखलेले प्लॉट आणि मधूनमधून एखादं घर. जरीपटक्याच्या माझ्या घरून दोन बस बदलून मी दर रविवारी जायची.

शेवटी गेले तेव्हा भाची म्हणाली, "मावशीला तसं बरं आहे. कधी काही म्हणतच नाही." बाई कॉटवर होत्या, पाय पांघरुणाबाहेर काढून. फरशी लांब पडत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं, देव कापलेलं, दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. महिन्याची वीस तारीख होती आणि एकही रेघ नव्हती.

"बाई, कोरं आहे," मी म्हटलं.

"हात पोचत नाही."

"भाचीला सांगायचं."

"तिनं विचारलं नाही." मग डोळे मिटून म्हणाल्या, "दमले आहे, मेश्राम." मी पुढच्या दोन शब्दांची वाट बघितली. ते आले नाहीत.

मी उठून पेन्सिल हातात घेतली. जन्मात पहिल्यांदा त्यांना अगं म्हणावंसं वाटलं, पण म्हणवलं नाही.

"आज किती, बाई?"

पांघरुणातून हात बाहेर आला. थोडा वेळ बोटं तशीच हवेत राहिली, जणू कुठलं बरोबर ते ठरवत होत्या. मग त्यांनी मूठ मिटली.

मी वीस तारखेवर फुली मारली, आणि पेन्सिल एक चौकोन मागे नेली.

"काल?"

मूठ तशीच होती.